शेवंती व सूर्यप्रकाश

(हिं. गुलदाउदी, बं. चंद्रमल्लिका, क. सेवंतिगे; ते. चामंती, लॅ. क्रिसँथेमम मोरिफोलियम, कुल – कंपॉझिटी किंवा ॲस्टरेसी). शेवंती ही फुलांसाठी बागेत व शेतात लावली जाणारी बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणारी) ओषधी (नरम व लहान वनस्पती) आहे. तिचे मूलस्थान चीन असून तेथे दीड हजार वर्षांहून अधिक काळ ती लागवडीत आहे. चीनमधून ती जपानमध्ये गेली व तेथे तिला राजचिन्हाचा मान मिळाला. शास्त्रीय नावातील ‘क्रिसँथेमम’ ही संज्ञा सोने व फूल या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून आली आहे. मध्यंतरी काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी शेवंतीचा समावेश डेंड्रँथेमा या प्रजातीत केला होता. तथापि जुनेच प्रजातिनाम पुढे कायम करण्यात आले. व्यवहारात ज्यास शेवंतीचे फूल म्हणतात ते वस्तुतः अनेक लहान पुष्पकांचे स्तबक (गुच्छासारखा फुलोरा) असते. त्याच्या कडेची पाकळ्यांसारखी दिसणारी पुष्पके किरण-पुष्पके व मधली नळीसारखी पुष्पके बिंब-पुष्पके होत. फुलांचा हंगाम संपल्यावर झाड जमिनीलगत छाटले, तर बुंध्याजवळून नवे धुमारे फुटतात. त्यांस काश्या म्हणतात व पुढील वर्षीची लागवड बहुधा त्यांपासूनच करतात.

शेवंतीला भरपूर ऊन लागते, असे सर्व बागाईतदार जाणतात व ते खरेही आहे. परंतु ते अर्धेच सत्य आहे. सूर्यप्रकाशाचा या वनस्पतीशी दोन प्रकारे संबंध येतो. पहिला प्रकाशाच्या प्रमाणाशी आहे : किती तीव्रतेचा प्रकाश किती वेळ पानांवर पडतो, यावर झाडाची वाढ, फांद्यांची संख्या व फुलांचा आकार ठरतो. दुसरा दिवस व रात्र यांच्या लांबीशी आहे : रात्र पुरेशी मोठी व अखंड काळोखाची झाल्याविना शेवंतीला बहर येत नाही. पहिल्या बाबतीत प्रकाश हे अन्ननिर्मितीचे साधन आहे, तर दुसऱ्या बाबतीत तो ऋतू ओळखण्याची खूण आहे. या दोहोंत गल्लत झाल्यास चांगली निगा राखूनही झाड फुलत नाही, किंवा फुलले तरी अवेळी फुलते.

प्रकाशाची तीव्रता व वाढ : पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील ऊर्जा शोषून घेते व तिच्या साहाय्याने कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांपासून कार्बोहायड्रेटे बनतात [⟶ प्रकाशसंश्लेषण]. शेवंतीसारख्या वनस्पतीला थोड्या महिन्यांत अनेक फांद्या व त्यांच्या टोकांवर मोठ्या संख्येने स्तबके निर्माण करावयाची असल्याने तिची अन्नाची गरज मोठी असते. यासाठी दररोज निदान ५ ते ६ तास थेट ऊन मिळणे आवश्यक असून दिवसभर उघडे ऊन मिळाल्यास वाढ उत्तम होते. निरभ्र दिवशी दुपारच्या उन्हाची प्रदीपन तीव्रता सु. १,००,००० लक्स असते. दाट ढगाळ दिवशी ती याच्या एक-पंचमांशाहूनही कमी होते, तर घरात नेहमीच्या उजेडाच्या खोलीत ती केवळ काहीशे लक्स भरते. मानवी डोळा कमी-अधिक प्रकाशाशी चटकन जुळवून घेत असल्याने हा प्रचंड फरक जाणवत नाही. वनस्पतीला मात्र तो लागलीच भोवतो. म्हणूनच फुलांनी लगडलेली कुंडी शोभेसाठी काही दिवस दिवाणखान्यात ठेवता येते, पण तेथे तिची वाढ करता येत नाही.

प्रकाश अपुरा पडल्यास खोडावरील पेऱ्यांतील अंतर वाढते, खोड बारीक होऊन कलते, खालची पाने पिवळी पडून गळतात व फांद्या थोड्या फुटतात. फुले आलीच तर ती संख्येने कमी व आकाराने लहान असतात. दाट लागवडीत झाडे एकमेकांवर सावली धरतात व वरच्या पानांआड खालच्या पानांना प्रकाश मिळत नाही. त्यामुळे प्रकाशाची टंचाई मोकळ्या शेतातही उद्भवते. लागवडीनंतर सु. चार आठवड्यांनी शेंडा खुडल्यास बाजूच्या फांद्या फुटून झाड बसके व पसरट होते आणि पानांची मांडणी प्रकाश घेण्यास अधिक सोयीची होते. महाराष्ट्रात जुलै-ऑगस्टमधील ढगाळ हवामानात वाढ लांबट व नाजूक होण्याकडे कल असतो. या काळात योग्य अंतर, पाण्याचा निचरा व झाडांना आधार यांस विशेष महत्त्व असते. सावलीत पाने फार वेळ ओली राहिल्याने पानांवरील ठिपक्यांसारखे कवकजन्य रोगही बळावतात.

याउलट एप्रिल-मेमधील कडक उन्हात, विशेषतः पाण्याचा ताण असल्यास, पानांच्या कडा करपतात. मातृवृक्ष म्हणून राखलेल्या झाडांना या काळात दुपारपुरती विरळ सावली देणे हितकारक असते. नव्याने लावलेल्या छाट्यांनाही मुळे फुटेपर्यंत सावली लागते, कारण मुळांअभावी त्यांना पानांतून होणारी पाण्याची हानी भरून काढता येत नाही. मुळे धरल्यावर मात्र त्यांना क्रमाक्रमाने उन्हाची सवय करावी लागते. फार दिवस सावलीत राहिलेले रोप पुढे कायमचे कमजोर राहते.

फुलांच्या रंगावरही प्रकाशाचा परिणाम होतो. गुलाबी, तांबड्या व जांभळट फुलांचे रंग अँथोसायनीन या रंगद्रव्यांमुळे येतात. चांगला प्रकाश व थंड हवा असल्यास ही द्रव्ये अधिक बनून रंग गडद होतो. पिवळा रंग कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतो व तो तुलनेने स्थिर असतो. स्तबक पूर्ण उमलल्यावर मात्र प्रखर उन्हाने गुलाबी छटा फिकट होतात. यासाठी प्रदर्शनाकरिता वाढविलेल्या कुंड्या उमलण्याच्या अखेरच्या टप्प्यात दुपारच्या उन्हापासून जपतात.

दिवसमान व बहर : ज्या वनस्पतींना दिवस ठराविक मर्यादेहून लहान झाल्यावर फुले येतात त्यांस लघुदिनी वनस्पती म्हणतात [⟶ दीप्तिकालिता]. शेवंतीचे बहुतेक शरद व हेमंत ऋतूंत फुलणारे प्रकार या वर्गात मोडतात. दिवसमानाच्या प्रभावाची ही कल्पना अमेरिकेच्या कृषी खात्यातील डब्ल्यू. डब्ल्यू. गार्नर व एच्. ए. ॲलर्ड यांनी १९२० मध्ये मांडली. तंबाखूचा एक विशिष्ट प्रकार उन्हाळ्यात केवळ वाढत राहतो, पण हिवाळ्यात पादपगृहात फुलतो, याचे कारण शोधताना त्यांनी तापमान, ओलावा व पोषण यांचा विचार करून पाहिला; अखेरीस झाडे दररोज काही तास अंधाऱ्या जागेत ठेवून कृत्रिम रीत्या दिवस लहान केला, तेव्हा ती उन्हाळ्यातच फुलली. या शोधाचा व्यापारी उपयोग ज्या पिकांत प्रथम मोठ्या प्रमाणावर झाला त्यांत शेवंती प्रमुख आहे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील उत्पादक काळ्या कापडाचे आच्छादन वापरून तिला नेहमीच्या हंगामाआधी फुलवू लागले.

‘लघुदिनी’ ही संज्ञा रूढ झाली असली, तरी निर्णायक घटक दिवसाची नव्हे तर रात्रीची लांबी हा आहे. १९३८ मध्ये कार्ल हॅमनर व जेम्स बॉनर यांनी शंकेश्वर (झँथियम) या लघुदिनी तणावर केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केल्याने बहरास बाध येत नाही. उलट लांब रात्रीच्या मध्यावर अल्प काळ प्रकाश पाडल्यास फुले येणे थांबते. शेवंतीचे वर्तनही असेच आहे. शंकेश्वराला एकच लांब रात्र पुरते; शेवंतीला मात्र सलग अनेक लांब रात्री मिळाव्या लागतात. कळ्या धरल्यावर लांब रात्रींचा क्रम मध्येच तुटला, तर कळ्यांची वाढ खुंटते व झाड पुन्हा शाकीय (पाने व फांद्या यांच्या) वाढीकडे वळते.

या बाबतीत शेवंतीमध्ये दोन टप्पे ओळखले जातात. अनेक व्यापारी प्रकारांत कळी धरण्यासाठी दिवस सु. १४½ तासांहून लहान असावा लागतो, तर धरलेली कळी वाढून उमलण्यासाठी तो सु. १३½ तासांहून लहान असावा लागतो. या मर्यादा प्रकारपरत्वे बदलतात. दिवसमान या दोन मर्यादांच्या दरम्यान राहिल्यास शेंड्यावर कळी दिसू लागते, पण ती उमलत नाही. तिच्या खालून पालेदार फांद्या फुटून तिला मागे टाकतात. अशा अडलेल्या कळीस मुकुट-कळी म्हणतात. लवकर लावलेल्या शेवंतीवर पावसाळ्याच्या आरंभी अशा कळ्या क्वचित दिसतात व झाड रोगट असल्याचा समज होतो. वास्तविक हा प्रकाशकालाचा परिणाम असतो.

अनुकूल रात्री सुरू झाल्यापासून फुले उमलेपर्यंत किती आठवडे लागतात, यावरून शेवंतीच्या प्रकारांचे गट पाडतात. हा काळ सु. ६ ते १५ आठवड्यांपर्यंत असून व्यापारी लागवडीतील बहुतेक प्रकार ८ ते १० आठवड्यांच्या गटांत येतात. लागवडीचे व बहराचे वेळापत्रक आखताना ही माहिती सर्वांत उपयुक्त ठरते.

कार्यपद्धती : रात्रीची लांबी झाडाचा कोणता भाग ओळखतो, या प्रश्नाचे उत्तर शेवंतीनेच दिले. सोव्हिएट शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३६-३७ च्या सुमारास शेवंतीच्या झाडांची वरची पाने काढून टाकली व खालची तशीच ठेवली. खालच्या पानांना लहान दिवस व वरच्या निष्पर्ण भागाला मोठा दिवस दिला असता शेंड्यावर फुले आली. याउलट व्यवस्था केली असता आली नाहीत. यावरून दिवसमानाची जाणीव पानांना होते, फुले मात्र शेंड्यावर येतात, हे स्पष्ट झाले. पानांपासून शेंड्यापर्यंत कोणता तरी निरोप पोहोचत असला पाहिजे, असे अनुमान करून त्या अज्ञात द्रव्याला चैलाख्यान यांनी ‘फ्लोरिजेन’ असे नाव दिले.

प्रकाशाची नोंद घेणारे वर्णक (रंगद्रव्य) त्यानंतर सापडले. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथील संशोधन केंद्रात एच्. ए. बॉर्थविक, एस्. बी. हेंड्रिक्स व त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये असे दाखविले की, तांबड्या प्रकाशाने घडून येणारा परिणाम दूरस्थ तांबड्या (दृश्य वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडील) प्रकाशाने उलटविता येतो. असा परिणाम घडविणाऱ्या वर्णकाचे अस्तित्व १९५९ मध्ये प्रत्यक्ष मापनाने सिद्ध झाले व त्यास फायटोक्रोम हे नाव मिळाले. त्याची एकमेकांत बदलणारी दोन रूपे असतात. तांबड्या प्रकाशाने क्रियाशील रूप बनते व अंधारात ते हळूहळू कमी होत जाते. रात्रीत मध्येच तांबडा प्रकाश मिळाला, तर क्रियाशील रूप पुन्हा वाढते व शेवंतीच्या दृष्टीने ती लांब रात्र राहत नाही. म्हणूनच रात्री दिवे लावून बहर रोखण्यासाठी तांबडा प्रकाश सर्वांत परिणामकारक ठरतो.

फ्लोरिजेनाचे स्वरूप दीर्घकाळ अज्ञात होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते एक प्रथिन असल्याचे इतर वनस्पतींत निश्चित झाले. जपानी संशोधकांनी क्रिसँथेमम सेटिकस्पी या शेवंतीच्या रानटी नातलग जातीत त्याचे जनुक २०१२ मध्ये दाखवून दिले व २०१३ मध्ये त्याच्या विरुद्ध कार्य करणारे दुसरे प्रथिनही ओळखले. हे प्रतिफ्लोरिजेन मोठ्या दिवसांत, किंवा रात्र प्रकाशाने खंडित झाल्यास, पानांत बनते. फ्लोरिजेन शेंड्यात ज्या प्रथिनाशी जोडले जाऊन फुले आणते त्याच्याशीच ते स्वतः जोडले जाते व बहर अडवते. यावरून शेवंतीला लांब रात्र का लागते, याचे बरेच समाधानकारक स्पष्टीकरण मिळाले : मोठ्या दिवसांत झाड फुलण्याची केवळ वाट पाहत नसते, तर ते बहर प्रत्यक्ष रोखून धरत असते.

महाराष्ट्र व गोव्यातील दिवसमान : विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसा वर्षातील मोठ्या व लहान दिवसांतील फरक वाढतो. लंडन येथे जूनमधील सर्वांत मोठा दिवस सु. १६ तास ३८ मिनिटांचा, तर दिल्ली येथे सु. १४ तासांचा असतो. तो नागपूर येथे सु. १३ तास २५ मिनिटे, पुणे येथे सु. १३ तास १४ मिनिटे व पणजी येथे सु. १३ तास ३ मिनिटे असतो. पुण्यातील सर्वांत लहान दिवस सु. ११ तासांचा असल्याने तेथे वर्षभरातील एकूण तफावत जेमतेम सव्वादोन तास भरते. लंडनला ती जवळजवळ नऊ तास आहे.

सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर मिळून सु. ४० ते ४५ मिनिटांचा संधिप्रकाश शेवंतीला जाणवण्याइतका असतो. तो धरल्यास पुण्यात जूनअखेर दिवस १४ तासांच्या आतच राहतो. कळी धरण्याची मर्यादा यामुळे ऐन उन्हाळ्यातही फारशी ओलांडली जात नाही. पण कळी उमलण्याची मर्यादा ओलांडलेली असते. ऑगस्टच्या मध्यास सूर्योदय ते सूर्यास्त हा काळ सु. १२ तास ४६ मिनिटांवर येतो व संधिप्रकाशासह दिवस साडेतेरा तासांच्या आसपास पोहोचतो. तेथून ८ ते १० आठवडे मोजल्यास ऑक्टोबरचा मध्य ते अखेर येते. हा हिशोब स्थूल असला, तरी शेवंतीचा मुख्य हंगाम ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत का असतो, हे त्यावरून ध्यानात येते.

लागवडीची वेळही यावरूनच ठरते. महाराष्ट्रात पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), सातारा, सोलापूर, नासिक इ. जिल्ह्यांत राजा, पिवळी रेवडी, पांढरी रेवडी, झिप्री यांसारख्या प्रकारांची लागवड होते. काश्या किंवा मुळे फुटलेल्या छाट्या साधारणतः उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या आरंभी लावतात. मोठ्या दिवसांत झाडाचा सांगाडा तयार व्हावा व दिवस लहान होताच त्यावर कळ्या धराव्यात, असा यामागील हेतू असतो. लागवड फार उशिरा झाली, तर झाड वीतभर असतानाच अनुकूल रात्री सुरू होतात. ते खुजे राहून थोडीच फुले देते. असे झाड मग कितीही ऊन, खत व पाणी दिले तरी त्या हंगामात सुधारत नाही, कारण त्याची शाकीय वाढ शेंड्यावरील कळीपाशी थांबलेली असते.

तापमान : दिवसमान अनुकूल असले तरी तापमान साथ देईलच असे नाही. बहुतेक प्रकारांत कळी धरण्यास रात्रीचे तापमान सु. १६° से. असणे चांगले असते. काही प्रकारांत अधिक तापमानाने, तर काहींत कमी तापमानाने कळ्यांची वाढ मंदावते. उष्ण रात्रींमुळे बहर एक-दोन आठवडे किंवा अधिकही लांबू शकतो. समशीतोष्ण देशांत दिवसमानातील बदल ठळक असल्याने तोच प्रभावी ठरतो. महाराष्ट्रात तो सौम्य असल्याने एखाद्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर उष्ण गेल्यास बहराची वेळ सहज पुढे सरकते.

सण व हंगाम : महाराष्ट्रात शेवंतीला सर्वाधिक मागणी दसरा व दिवाळी या सणांना व त्यापुढे मार्गशीर्षातील गुरुवारी असते. हार, तोरणे व पूजेसाठी सुटी फुले वजनावर विकली जातात; कोकण व गोव्यात शेवंतीच्या वेण्यांनाही मोठी मागणी असते. सण मात्र चांद्र तिथीने येतात व शेवंती सौर दिवसमानाने फुलते. दसरा २०२० मध्ये २५ ऑक्टोबरला, २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला, तर २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आला. ज्या वर्षी दसऱ्यापूर्वी अधिक मास येतो त्या वर्षी तो पुढे जातो. पण झाडाच्या दृष्टीने रात्रीची लांबी दरवर्षी त्याच तारखेला तेवढीच असते. दसरा उशिरा आला, तर नेहमीच्या लागवडीची फुले त्यासाठी मिळू शकतात. तो लवकर आला, तर तीच फुले सणानंतर बाजारात येतात व त्यांना पडता भाव मिळतो. तोडलेले फूल फार दिवस टिकत नसल्याने माल राखून ठेवण्याची सोय नसते. यास्तव केवळ मागील वर्षाच्या तारखेवरून लागवड न करता त्या वर्षीच्या सणाच्या तारखेपासून मागे आठवडे मोजणे, तसेच लवकर व उशिरा फुलणारे प्रकार मिळून लावणे, हे उत्पादकाच्या हिताचे असते.

कृत्रिम नियंत्रण : दिवस मोठा असताना फुले हवी असल्यास झाडांवर सायंकाळपासून सकाळपर्यंत काळे कापड किंवा अपारदर्शक प्लॅस्टिक पसरून १३ ते १४ तासांची रात्र निर्माण करतात. कळ्यांवर रंग दिसू लागेपर्यंत हे दररोज करावे लागते. उष्ण प्रदेशात आच्छादनाखाली उष्णता साठून कळ्यांना इजा होण्याचा धोका असतो. त्यामुळे उन्हे उतरल्यावरच आच्छादन घालणे व हवा खेळती ठेवणे जरूर असते. आच्छादनातील फटींतून प्रकाश शिरल्यास तेवढ्या भागातील झाडे मागे राहतात व सर्व पीक एकदम तोडणीस येत नाही.

याउलट बहर लांबवावयाचा असल्यास मध्यरात्रीच्या सुमारास २ ते ४ तास झाडांवर सु. १०० लक्स प्रकाश पाडतात. दिवे अखंड लावण्याऐवजी दर अर्ध्या तासापैकी सु. ६ मिनिटे लावूनही हा परिणाम साधता येतो व वीज वाचते. जपानमधील आइची प्रांतात या पद्धतीने शेवंती मोठ्या प्रमाणावर पिकविली जाते व तेथील पादपगृहे रात्री दिव्यांनी उजळलेली दिसतात. पूर्वी यासाठी तापदीप्त (तार तापवून प्रकाश देणारे) दिवे वापरीत; अलीकडे त्यांची जागा कमी विजेवर चालणाऱ्या एलईडी दिव्यांनी घेतली आहे. दिवे व आच्छादन या दोन्ही उपायांच्या योगे हरितगृहात शेवंती वर्षभर फुलविता येते. मात्र या दिव्यांचा प्रकाश अन्ननिर्मितीस पुरेसा नसतो. तो केवळ ऋतूची खूण बदलतो. उन्हाची उणीव भरून काढीत नाही.

रात्रीचे दिवे : हेच तत्त्व नकळत लागू झाल्यास हानी होते. पौर्णिमेच्या चांदण्याची तीव्रता अर्ध्या लक्सहूनही कमी असल्याने शेवंतीला त्याची बाधा होत नाही. पण रस्त्यावरील दिव्याखाली ती सामान्यतः काही लक्स ते काही दशक लक्स असते. असा प्रकाश रात्रभर पडत राहिल्यास संवेदनशील प्रकारांत बहर लांबतो किंवा येतच नाही. दिव्याच्या खांबालगतची शेवंती गर्द हिरवी व उंच वाढलेली, तर त्याच वाफ्यातील दूरची झाडे फुललेली, असे दृश्य शहरांत व महामार्गालगतच्या शेतांत दिसू शकते. फुलांचा अभाव पाहून खताची मात्रा वाढविली जाते, पण त्यामुळे पालाच वाढतो. घराच्या पडवीतील किंवा गच्चीवरील रात्रभर जळणारा दिवाही असाच परिणाम करतो. यावर झाड दिव्याच्या झोतातून हलविणे, दिव्याला झाकण लावणे किंवा ऑगस्टपासून कळ्या रंगेपर्यंत दिवा मालवणे एवढाच उपाय आहे.

घरगुती बागेतील जागा : सज्जात किंवा गच्चीवर शेवंती लावताना सूर्याची ऋतुमानानुसार बदलणारी दिशा ध्यानात घ्यावी लागते. पुणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथे जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे क्षितिजापासून सु. ४८° उंचीवर असतो. परिणामी उत्तराभिमुख सज्जाला उन्हाळ्यात काही ऊन मिळते, पण फुलांच्या हंगामात ते मुळीच मिळत नाही. दक्षिणाभिमुख सज्जात याच्या उलट स्थिती असते : हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येते. म्हणून लागवडीच्या वेळी उन्हात असलेली कुंडी कळ्यांच्या वेळीही उन्हात राहील की नाही, हे आधीच पाहणे इष्ट असते. दक्षिण, आग्नेय किंवा पूर्व दिशेची, दिवसा मोकळी व रात्री काळोखी असणारी जागा शेवंतीला सर्वांत मानवते.

सारांश, शेवंती फुलत नसल्यास कारण ठरविण्यापूर्वी झाडाकडे नीट पाहावे लागते. खोड बारीक व लांबट, पाने फिकट व विरळ असल्यास दिवसाचा प्रकाश कमी पडत आहे असे समजावे. अशा झाडाला अधिक ऊन द्यावे लागते. झाड सशक्त, दाट व हिरवेगार असूनही कळी धरत नसल्यास त्याला बहुधा पुरेशी लांब व काळोखी रात्र मिळत नाही. अशा वेळी अधिक उन्हाचा उपयोग होत नाही, रात्रीचा प्रकाश दूर करावा लागतो. कळ्या धरूनही त्या उमलत नसल्यास दिवसमान अद्याप मोठे आहे, रात्री उष्ण आहेत किंवा लांब रात्रींचा क्रम मध्येच तुटला आहे, असे संभवते. शेवंतीची वाढ दिवसाच्या उजेडावर व तिचा बहर रात्रीच्या अंधारावर अवलंबून असतो.